सातबारा संगणकावर चढला. वाचून कोण दाखवणार?

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत एकदा तरी लिहिला असेल. पहिल्या परिच्छेदात विजेचा दिवा, दुसऱ्यात अणुबॉम्ब आणि शेवटी ‘विज्ञान कसे वापरायचे हे मानवाच्याच हाती आहे’ असे लिहून टाकले की दहापैकी सात गुण ठरलेले. त्या निबंधातला हा ‘मानव’ कोण, हे गुरुजींनी कधी विचारले नाही आणि आपणही सांगितले नाही. कचेरीत पंख्याखाली बसलेला मानव आणि खिडकीबाहेर उन्हात रांगेत उभा असलेला मानव हे दोघे त्या निबंधात एकच धरलेले असतात. प्रस्तुत लेखात मला या दोघांविषयी वेगवेगळे लिहायचे आहे. निमित्त आहे सातबाऱ्याचे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सातबाऱ्यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. कथा-कविता सोडून हा तलाठ्याचा विषय अंकात कोठून आला? पण मित्रहो, आपल्या वर्गात कन्नड, वैजापूर, पैठण, सिल्लोडकडून रोज एस.टी.ने येणारी किती मुले आहेत ते एकदा मोजून पाहा. त्यांची फी, खोलीभाडे आणि मेसचे पैसे ज्या शेतातून येतात, त्या शेताचे अस्तित्व सरकारदरबारी एका पानावर टिकून आहे. ते पान आता संगणकात गेले आहे. आणि पानच गेले असे नाही. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळी दप्तरे त्याच वाटेने निघाली आहेत. अशा वेळी आपण म्हणतो, ‘नवे यंत्र आले.’ वस्तुतः यंत्र विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. कोणाला काय माहीत असते, कोण कोणाला विचारतो, कोण कोणाला घाबरतो हे सारे दप्तराबरोबर हलते, आणि ते हलवताना फार सांभाळावे लागते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. ज्याचे नाव दप्तरात आहे त्याला नवे दप्तर वाचून दाखवले पाहिजे, आणि ज्याला जुने दप्तर वाचता येते त्याला नव्या यंत्राशेजारी बसवले पाहिजे. या दोन गोष्टी केल्या नाहीत, तर यंत्र कितीही चांगले असो, जुन्या चुका पक्क्या होतात आणि त्यांत नव्यांची भर पडते.

शहरातल्या मित्रांसाठी थोडी माहिती देतो. सातबारा हा दोन नमुन्यांचा मिळून एक उतारा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आहे. त्याखाली गावाचा हिशेब एक ते एकवीस अशा गाव नमुन्यांत ठेवला जातो. सातवा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारावा तिच्यात काय पेरले ते सांगतो, म्हणून सातबारा. सहावा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, खातेदार वारला, की आधी तिथे नोंद होते, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नवे नाव चढते. पीककर्ज, विमा, विहिरीचे अनुदान, अतिवृष्टीची मदत या सगळ्या वाटा या पानावरून जातात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे सारे तलाठी आपल्या हाताने लिहीत असे आणि कापडी रुमालात बांधून ठेवत असे. सरकारने २०२४ मध्ये तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नवे नाव दिले; आमच्याकडची जुनी माणसे मात्र अजून त्याला पटवारीच म्हणतात. नाव एका पायरीने नव्हे, दोन पायऱ्यांनी मागे आहे!

आपला मुलूख दप्तरबदलाला नवखा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मोडी लिपी देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्रिपंत याने रूढ केली अशी परंपरा सांगते; ती देवगिरी म्हणजे आपल्या शहराजवळचा दौलताबादचा किल्ला. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत दख्खनमध्ये नावाजली गेली. तीच खडकी पुढे फतेहनगर झाली, औरंगाबाद झाली आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाली. औरंगजेब १६५२ ते १६५८ या काळात दख्खनचा सुभेदार होता. तेव्हा त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने नव्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू केली. मोजणीत चूक वा लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण मोजणीच्या वेळी स्वतः दोर धरत असे, असे इतिहासकार नमूद करतात. राज्याचा दिवाण, आणि हातात मोजणीचा दोर! बदल घडवून आणण्याविषयी आज जाडजाड इंग्रजी पुस्तके निघतात. त्या सगळ्यांचे सार मला या एका दोरात दिसते. ज्याने हुकूम काढला तो स्वतः बांधावर उभा राहिला, तर खालचा माणूस काम टाळत नाही आणि शेतकरीही निमूट बाजूला होत नाही, तो बोलतो.

दुसरे उदाहरण शिवकालातले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य आपले, तर कारभाराची भाषाही आपली असावी हा त्यामागचा विचार फार मोठा होता. तरीही आज आपण दप्तर, नक्कल, तहसील, जमाबंदी, रुमाल असेच म्हणतो. यात कोशाला कमीपणा नाही. पण वरून आलेला शब्द तोंडात बसायला कित्येक पिढ्या लागतात, आणि तोवर जुने नि नवे शेजारी शेजारी नांदतात, एवढा बोध यातून घ्यावा.

निजामी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी कामातली फारसी मागे पडून उर्दू आली. गावपातळीवर कुलकर्ण्यांची लेखणी मोडीतच चालत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात; १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला आणि कारभाराची भाषा मराठी ठरली. म्हणजे एकाच शेताचा कागद दोन-तीन पिढ्यांत उर्दू, मोडी आणि बाळबोध अशा तीन रूपांत फिरला. आमच्या घरापुरते सांगायचे तर माझ्या पणजोबांना यांतले काहीच वाचता येत नव्हते आणि आजोबांनाही येत नव्हते. लिपी बदलत गेली, अंगठा तोच राहिला. आता चौथे रूप आले आहे, ते पडद्यावरचे; आणि या घरात ते वाचू शकणारा पहिला माणूस मी आहे. म्हणूनच हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

येथे एक गैरसमज होऊ नये. जुने दप्तर सोन्याचे होते, असे मला म्हणायचे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. गावच्या कुलकर्ण्याची लेखणी अडाणी शेतकऱ्याला कशी नागवते हे त्यांनी त्यात उघड केले. ज्याच्या घरात दप्तर त्याच्या हातात गाव, अशी स्थिती होती. एखादे नाव आठ दिवस थांबले की का थांबले, हे विचारण्याची सोय नव्हती. कागद भिजत, वाळवी खात असे, जळतही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च कचेरीतल्या हजारो फायली एका दुपारी नाहीशा झाल्या. त्यामुळे ‘कागदच बरा होता’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. संगणक हवा. आमच्यासारख्यांना तर तो अधिकच हवा, कारण पानावर कोणी रात्रीतून खाडाखोड केली असेल तर ती कोणी केली हे त्यात शोधता येते.

प्रश्न आहे तो यंत्राआधी काय करायचे याचा. याचे उत्तमातले उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर), घडले आहे. १९८० च्या दशकात तिथे अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हा कचेरीचे दप्तर लावण्याचे जे काम केले ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखले जाते. त्यात संगणक नव्हता. कागदांची वर्गवारी होती : ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे, ‘क’चा दहा, ‘क-१’चा पाच आणि ‘ड’चा एक वर्ष. कोणता कागद कोणत्या फळीवर सापडेल याची शिस्त होती. प्रत्येक लिपिकाच्या टेबलावरची प्रकरणे सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत आजही सरकारी कचेऱ्यांत सांगितली जाते. प्रलंबित वेगळे, उत्तराच्या प्रतीक्षेतले वेगळे, नष्ट करायचे वेगळे. यातले मर्म असे, की हा बदल लिपिकाच्या हातून झाला. त्याचेच टेबल त्याने लावायचे होते. आपल्या कामाचा पसारा कमी झाला हे त्यालाच आधी जाणवले. घर आवरल्याशिवाय नव्या घरात सामान हलवू नये, असे आपल्या बायका सांगतात. विसकटलेले दप्तर संगणकात भरले तर संगणकात विसकटलेले दप्तर मिळते.

सातबाऱ्याच्या बाबतीत काय झाले? गेली तीन दशके टप्प्याटप्प्याने सातबारे संगणकात भरले गेले. पुढे ई-फेरफार आले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तहसीलकडे जाते आणि फेरफाराचे काम सुरू होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तो घरबसल्या निघतो. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत पारावर दिवस काढावा लागे, हे ज्याने पाहिले आहे त्याला या पंधरा रुपयांची किंमत कळेल.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी झाली. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळतो की नाही हे पाहण्यासाठी छापील उतारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे, लोकांनी हरकती सांगायच्या आणि मग दुरुस्ती करायची, अशी ती योजना होती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कान आहेत, हे त्या मोहिमेने मान्य केले. आपल्या बांधाशेजारी कोण, आपल्या चुलत्याचा हिस्सा किती, विहीर कोणत्या गटात, हे गावाला तोंडपाठ असते. ती पाठ असलेली माहिती आणि संगणकातली माहिती यांची समोरासमोर गाठ घालून देण्याची याहून स्वस्त नि चांगली युक्ती मला तरी माहीत नाही.

मात्र जिथे वाचन नीट झाले नाही, नुसता कागद चिकटवून सही घेतली गेली, तिथे काय झाले याचा अनुभव आमच्या घरी आहे. आमची जमीन १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर ती तशीच होती. संगणकातल्या उताऱ्यावर ती १ हेक्टर २ आर झाली. भरणाऱ्याने शून्य दोनाच्या अलीकडे टाकले, एवढेच. पण त्या शून्याने अठरा आर, म्हणजे जवळजवळ अर्धा एकर, कागदावरून गिळला. शेतात एक ढेकूळही हलले नव्हते. पीककर्ज मात्र कमी बसले, आणि नुकसानभरपाई आली तीही तेवढ्याच क्षेत्राची. वडील चौथी शिकलेले. कचेरीत त्यांना सांगण्यात आले, ‘जुना उतारा आणा.’ जुना उतारा त्याच कचेरीच्या कपाटात होता. पुढे सांगण्यात आले, ‘अर्ज करा.’ मग ‘साहेब मोजणीला गेलेत’, मग ‘सर्व्हर बंद आहे’. हस्तदोष दुरुस्त करण्यासाठी अधिनियमात कलम १५५ आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ते मला इथे ग्रंथालयात बसून कळले. ती दुरुस्ती व्हायला चौदा महिने लागले. प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे आणि एक बुडालेला रोज. मला सर्वांत बोचले ते निराळेच. माझी आजी सारखी विचारत असे, ‘‘मशीनला दिसंना का आपलं वावर?’’ तिच्या दृष्टीने चूक माणसाने केलेली नव्हती, यंत्राने केली होती. आणि यंत्राशी भांडता येत नाही. पटवाऱ्याशी ती भांडली असती.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी चूक करणारा माणूस समोर होता. नव्या व्यवस्थेत माहिती भरणारा एक, तपासणारा दुसरा, सही करणारा तिसरा आणि ‘वरून आले आहे’ असे सांगणारा चौथा. जबाबदारीचे असे तुकडे झाले की चूक कोणाचीच राहत नाही, आणि तिचे ओझे मात्र एकाच्याच खांद्यावर येते.

आता खिडकीच्या आतल्या माणसाचीही बाजू पाहू. तो खलनायक नाही. विशी-बाविशीत नोकरीला लागलेला तलाठी पंचवीस वर्षे सुवाच्य अक्षरात नोंदी करतो. पोटखराब म्हणजे काय, कूळ केव्हा लागले, कोणत्या गटाचे कसे तुकडे झाले हे त्याला पाठ. एक दिवस त्याच्यापुढे यंत्र ठेवले जाते आणि वीस वर्षांचा मुलगा त्याला शिकवू लागतो. त्या मुलाला कळफलक येतो, पण पोटखराब कळत नाही. तलाठ्याला पोटखराब कळते, पण कळफलक येत नाही. दोघांना शेजारी बसवले तर एक उत्तम माणूस तयार होतो; वेगवेगळे बसवले तर दोन अर्धवट माणसे. त्यातून एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावे, नेट कधी असते कधी नसते, आणि लोकांच्या शिव्या त्यालाच. अशा माणसाने नव्या पद्धतीकडे पाठ फिरवली तर त्याला ‘कामचुकार’ म्हणणे सोपे आहे. त्याची भीती आळसाची नसते. ज्या ज्ञानावर त्याचा मान उभा होता ते एका रात्रीत बिनकामाचे ठरले, ही ती भीती असते.

आणि ते ज्ञान खरोखर बिनकामाचे ठरते का? २०२३ मध्ये याचे उत्तर मिळाले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि जुने रुमाल सोडले गेले. आरक्षणाचा प्रश्न या लेखाचा विषय नाही. त्यावर मते वेगवेगळी आहेत. पण त्या वेळी कचेऱ्याकचेऱ्यांतून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, हे सर्वांनी पाहिले. ज्या लिप्यांत आपल्या आजे-पणज्यांची नावे लिहिलेली आहेत, त्या वाचणारी माणसे आपण सत्तर वर्षांत जवळजवळ संपवली. नवे दप्तर आणताना जुन्याचे वाचक जपले नाहीत, म्हणून लाखो लोकांचा भूतकाळ मूठभर जाणकारांच्या हाती गेला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची आणि फोटो काढायचा. कल्पना चांगली आहे. आपले पीक आपण नोंदवावे यात स्वाभिमान आहे. पण गावात हे काम प्रत्यक्षात कोण करते? सुट्टीत घरी गेलेली आपल्यासारखी मुले. ज्या घरात असे मूल नाही तिथे म्हातारा बांधावर उभा राहून शेजाऱ्याच्या पोराला हाक मारतो. म्हणजे कचेरीचे काम कमी झाले, ते नाहीसे झाले नाही; ते उतरून शेतकऱ्याच्या अंगावर आले. ते त्याला पेलेल अशी व्यवस्था आधी हवी होती.

यावर एक नेहमीचे उत्तर असते. ‘‘अहो, ही अडाणी पिढी किती दिवसांची? दहा वर्षांनी सगळ्यांना मोबाइल येईल, प्रश्न आपोआप सुटेल.’’ हे ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. आज जी चूक दप्तरात बसेल ती माणसाबरोबर मरणार नाही, ती वारसाहक्काने आपल्याकडे येईल. १ एप्रिल २०२५ पासून शासनाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, ती कशासाठी? मेलेल्या खातेदारांची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यावर तशीच राहिली होती आणि वारसांची लागली नव्हती, म्हणून. संगणकात नाव झळकत होते, पण माणूस जगात नव्हता. आणि अशा मयतांची यादी करायला काय करावे लागले? पुन्हा गावोगाव चावडी वाचनच! जे यंत्राला कळले नाही ते चावडीला माहीत होते.

तेव्हा माझ्या मते चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, चावडी वाचन ही मोहीम न राहता दरवर्षीचा रिवाज व्हावा. ठरल्या तारखेला, ग्रामसभेत, मोठ्याने, बायाबापड्यांसमोर. दुसरी, कचेरीत झालेली चूक कचेरीने दुरुस्त करावी. जुने पान कचेरीतच असताना शेतकऱ्याकडे पुरावा मागू नये. त्याच्या अर्जाची पोच द्यावी आणि मुदत सांगावी. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम याच भावनेने झाला आहे. तिसरी, नवे यंत्र शिकवताना जुना तलाठी आणि नवा मुलगा यांना एका टेबलावर बसवावे. निवृत्त तलाठ्यांना मानाने बोलावून घ्यावे. त्यांच्या डोक्यातले दप्तर कोणत्याच कपाटात नाही. चौथी, आपल्या विद्यापीठात आणि महाविद्यालयांत मोडी व उर्दू वाचनाचे वर्ग नेमाने चालावेत. इतिहासाच्या, मराठीच्या विद्यार्थ्याला नोकरी कुठे आहे असे विचारणाऱ्यांना त्यातून एक उत्तरही मिळेल.

या गोष्टी सरकारने कराव्यात, हे लिहून लेख संपवणे सोपे आहे. पण आपले काय? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी सात दिवस एखाद्या गावी जातो. रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, रात्री पथनाट्य करतो. यंदा त्यातल्या दोन संध्याकाळी देवळापुढे बसून त्या गावचे उतारे वाचून दाखवता येणार नाहीत का? एकाने मोबाइलवर काढायचा, एकाने वाचायचा, एकाने हरकत लिहून घ्यायची आणि अर्ज कसा करायचा ते सांगायचे. त्याला खर्च नाही, पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. आपले वाचता येणे हे आपल्या आईबापांच्या घामावर उभे आहे. त्याचा पहिला उपयोग त्यांच्या नावासाठी व्हावा, यात जास्त काही मागितले असे मला वाटत नाही.

आणि शिबिराची वाट पाहायचे कारण नाही. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपला सातबारा आणि आठ-अ काढा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तो सावकाश, आकड्यांसकट, वाचून दाखवा. काही चुकले असेल तर ते सांगतील.

— द्वितीय वर्ष, कला